ठराव क्रमांक सात

बैठक साडेसहाची. सुरू झाली सव्वासातला,
कारण ऊन.
मे महिन्यात आमच्या लेआउटमध्ये
सूर्य मावळतो, भिंती मावळत नाहीत.

मी उद्यान समितीची सचिव.
म्हणजे खुर्च्या मोजायच्या, सह्या घ्यायच्या,
आणि कोण काय म्हणालं त्यातलं
लिहिता येतं तेवढं लिहायचं.

प्लॉट पंच्याऐंशी बाय एकशे चाळीस फूट.
प्रन्यासच्या नकाशावर एकवीस वर्षं हिरवा.
प्रत्यक्षात गाजरगवत, फुटक्या फरश्यांचा ढीग
आणि मधोमध एक बाभूळ, जराशी वाकलेली,
कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखी.

निमजेकाकांनी आलेखाचा कागद पसरला.
वीज मंडळातून निवृत्त,
त्यामुळे झोपाळ्यांनाही खांब क्रमांक.
चालायचा ट्रॅक, सहा बाक, व्यायामाची यंत्रं,
कोपऱ्यात पेन्सिलीनं एक छोटं मंदिर,
फाटकावर उद्घाटनाची पाटी –
तिचं माप तेवढं शाईनं.
मी विचारलं, पोरं कुठं खेळतील?
‘काय बाप्पा वहिनी,
उरलेल्या जागेत!’

घसरगुंडीवर पाऊण तास गेला.
पराते म्हणाले, स्टीलचीच घ्या, पन्नास वर्षं पाहणं नको.
उज्ज्वला उमाठे उठल्या.
‘मागच्या लेआउटमध्ये आहे न स्टीलची.
काल चार वाजता तिच्यावर पापड ठेवला होता.’
पर्समधून काढून दाखवला.
भाजलेला.
स्टील एकमतानं बाद.
(पापड हेडाऊंनी खाल्ला. हे लिहिलं नाही.)

मग बाभूळ.
‘काटे आहेत. तोडावी, लिहा.’
मग तिच्यापलीकडचं टिनाचं खोपटं.
नकाशात ते तुटक रेषेचा चौकोन.
‘अतिक्रमण, लिहा.’
तुटक रेषेच्या आत पाच माणसं झोपतात,
समोरच्या तीन मजल्यांना पाणी मारतात,
छत्तीसगडहून आलेली.

त्यातली एक दारातच उभी होती,
थंड पाण्याची बाटली मागायला आलेली.
दुलेसरी. नऊ वर्षांची असेल.
कागदावर वाकली, बोट फिरवलं,
चौकोनावर थांबली: ‘ये हमर घर आय?’
कोणी काही बोललं नाही.
बोट पुढं सरकलं, मागं आलं,
पुन्हा पुढं.
‘पेड़ नइ हे.’

काकांनी चष्मा काढला, पुसला.
‘अबे, पोट्टी नकाशा वाचते!’
चाळीस वर्षांत साहेबांनी सरळ धरला नव्हता
त्यांचा एकही नकाशा.

टॉर्च घेऊन गेलो सगळे.
बाभळीला जुन्या साडीची झोळी,
आत दुलेसरीचा भाऊ, घामेजलेला, गाढ.
झोळीखाली जमीन गुळगुळीत, टक्कल पडल्यासारखी,
गोल.
त्या गोलात गवताची काडी नव्हती.
आमच्या गल्लीतल्या पोरांच्या विटांचे स्टंप तिथंच,
माझ्या हिमांशूची हरवलेली चप्पल तिथंच
(मी त्याला त्या चपलेसाठी मारलं होतं),
काचेच्या बांगड्यांचे तुकडे, बिट्टीचा खड्डा.
एकवीस वर्षं आम्ही अर्ज करत होतो
आणि इथं काम सुरू होतं.

काकांनी टेप काढला. दुलेसरीनं दुसरं टोक धरलं.
‘टाइट पकड, बेटा.’

ठराव क्रमांक सात:
बाभूळ राहील. तिच्याभोवतीचा गोल मोकळा राहील,
त्यात बाक नको, यंत्र नको, देव नको.
सूचक निमजे, अनुमोदक उमाठे.
खोपट्याचा विषय पुढील बैठकीत.
असं मी लिहिलं. सोपं होतं लिहायला.
समोरची इमारत दिवाळीपर्यंत संपेल,
मैदानाचं टेंडर त्यानंतर निघेल,
हे टेबलाभोवती सगळ्यांना माहीत होतं
आणि पुढील बैठकीची तारीख
कोणीच विचारली नाही.

रात्री अकराला फोन. निमजेकाका.
‘वहिनी, गोल बावीस फूट लिहिला का तेवीस?
तेवीस आहे, पाहून घ्या.
ते पोट्टी सकाळी तपासाले येतो म्हणते.’